मेंदूचा निचरा: खुब्याच्या ऑपरेशनआधी विचारलेला एक प्रश्न

पुरुष, पंचाहत्तरी ओलांडलेले, निवृत्त प्राथमिक शिक्षक. न्हाणीघरात पाय घसरून डाव्या खुब्याचं हाड मोडलं. रक्तदाबाची गोळी चालू, साखर नाही, दमा नाही. वर्षभरापासून नावं विसरतात. एकदा दूध गॅसवर ठेवून देवळात निघून गेले. या विसरण्याची तपासणी कधी झालेली नाही. उद्या सकाळी खुब्याचा बॉल बदलायचा.

भुलेच्या फिटनेसच्या कागदावर मी एवढं लिहिलं, तेव्हा २०२४ चा जून चालू होता. (ओळख पटेल असे बारकावे इथे बदलले आहेत.) सही करून उठणार, तेवढ्यात गुरुजींच्या मुलीने मोबाइल पुढे केला. पहिला फॉरवर्ड म्हणत होता की गाढ झोपेत मेंदू स्वतःला धुऊन काढतो. दुसरा त्याच आठवड्यातला होता: लंडनच्या शास्त्रज्ञांचा धक्कादायक शोध, भुलेखाली मेंदूची सफाई निम्म्याने घटते.

“मॅडम, नाना आधीच विसरायला लागलेत. पूर्ण भूल दिली तर डोक्यात आणखी कचरा साठेल का? का झोपले की उलट साफ होईल?”

भूलतज्ज्ञाला ठरावीक प्रश्न येतात. शुद्धीवर येतील ना? कमरेत सुई दिली की कंबर कायमची धरते म्हणतात, खरं का? हा प्रश्न मला पहिल्यांदाच येत होता, आणि दोन्ही फॉरवर्ड धडधडीत खोटे नव्हते ही त्यातली अडचण. दोन्हींच्या मागे खरे शोधनिबंध होते, नामांकित प्रयोगशाळांचे, चांगल्या नियतकालिकांतले आणि एकमेकांच्या विरुद्ध. त्या रात्री जमलं तेवढं आणि नंतरच्या काही आठवड्यांत उरलेलं वाचलं.

कचरा कसला, आणि पाणी कुठलं

मेंदू वजनाने शरीराच्या साधारण २ टक्के आणि प्राणवायू खातो २० टक्के. एवढी भट्टी चालली की राख होणारच. अमायलॉइड-बीटा आणि टाऊ ही प्रथिनं त्या राखेतली सगळ्यात बदनाम, कारण अल्झायमरमध्ये त्यांचेच गठ्ठे सापडतात. पण अमायलॉइड-बीटा हे आजाराचं विष म्हणून बाहेरून येत नाही. तुमच्या-माझ्या मेंदूत ते आत्ता या क्षणीही तयार होतंय. तयार होतं आणि जातं, म्हणून चालून जातं.

जातं कसं? इतर अवयवांत पेशींमधलं जादा पाणी आणि गाळ लसिकावाहिन्या उचलतात. मेंदूच्या गाभ्यात मात्र लसिकावाहिन्या नाहीत. त्यामुळे आम्ही शिकलो तेव्हाचं उत्तर असं होतं: काही पेशी जागच्या जागी मोडून खातात, काही रक्तवाहिनीच्या भिंतीतून पंप होऊन रक्तात जातं, आणि उरलेलं हळूहळू झिरपत मेंदूभोवतीच्या पाण्यात मिसळतं.

हे पाणी माझ्या रोजच्या ओळखीचं आहे. लोक त्याला ‘पाठीतलं पाणी’ म्हणतात, कारण पाठीतूनच ते काढलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. कमरेच्या मणक्यांमधून २५ नंबरची सुई आत सरकवताना बोटांना एक बारीकसा ‘टक्’ जाणवतो. आतली तार ओढली की क्षणभर काहीच होत नाही. मग सुईच्या पारदर्शक टोकात एक थेंब फुगत येतो. नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ. रंग नाही, गढूळपणा नाही. मोठ्या माणसात हे पाणी कोणत्याही वेळी १५० मिलीच्या आसपास असतं आणि दिवसाला अर्धा लिटरभर नव्याने बनतं. म्हणजे टाकी दिवसातून तीनेकदा बदलते. इतकं पाणी बनतं ते नुसतं मेंदूला धक्के बसू नयेत म्हणून, हे उत्तर मला विद्यार्थिदशेतही पटायचं नाही. पण परीक्षेत तेच लिहायचं होतं.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात माइकेन नेडरगार्ड आणि जेफ्री इलिफ यांच्या गटाने उंदरांमध्ये या पाण्याची वाट दाखवली. पाणी मेंदूच्या पृष्ठभागावर थांबत नाही. धमन्या मेंदूत शिरतात तिथे त्यांच्या बाहेरच्या अंगाला एक अरुंद बोळ असतो. त्या बोळातून ते आत उतरतं. बोळाच्या भिंतीला अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशींचे पाय चिकटलेले असतात आणि त्या पायांवर अ‍ॅक्वापोरिन-४ ही पाण्याची दारं असतात. त्यांतून पाणी पेशींच्या मधल्या जागेत जातं, तिथला गाळ घेतं आणि शिरांच्या कडेने बाहेर पडतं, असं त्यांचं म्हणणं. ज्या उंदरांत ही दारंच नव्हती, त्यांच्यात अमायलॉइडचा निचरा निम्म्याहून जास्त मंदावला. ग्लिया पेशी आणि लिम्फ यांची सांधेजोड करून या व्यवस्थेला ‘ग्लिम्फॅटिक’ नाव मिळालं. पाणी धमन्यांच्या कडेने आत जातं हे पूर्वीही दिसलं होतं. १९८५ मध्ये मेरिलँडमधल्या संशोधकांनी मांजरांत आणि कुत्र्यांत ते काही मिनिटांत खोलवर पोचताना पाहिलं होतं. पण शास्त्रातही बारसं झाल्याशिवाय कुणी लक्ष देत नाही.

रोचेस्टर, २०१३

मुलीच्या पहिल्या फॉरवर्डचं मूळ इथलं. ऑक्टोबर २०१३, ‘सायन्स’मधला निबंध, पहिली लेखिका लुलू शी.

प्रयोग डोळ्यांसमोर आणण्यासारखा आहे. एक छोटा उंदीर. कवटीला नखाहून लहान खिडकी, वर सूक्ष्मदर्शक. मानेच्या मागे, कवटीच्या तळाशी पाण्याची एक पिशवी असते, तिच्यात बारीक नळी. डोकं जागेवर पक्कं. अशा अवस्थेत उंदराने नैसर्गिक झोप घ्यायची! त्यासाठी उंदरांना दीर्घकाळ सवय लावावी लागली. झोप लागली हे मेंदूच्या विद्युत लहरींवरून पक्कं केलं, की नळीतून एका रंगाचं द्रव्य सोडायचं. मग त्याच उंदराची शेपूट हलकेच हलवून त्याला जागं करायचं आणि दुसऱ्या रंगाचं द्रव्य सोडायचं.

झोपेत सोडलेला रंग धमन्यांच्या कडेने झपझप आत उतरला. जागेपणी सोडलेला वरच रेंगाळला. आत शिरणं सुमारे ९५ टक्क्यांनी घटलं. पेशींमधली मोकळी जागा मोजली तर जागेपणी मेंदूच्या १४ टक्के आणि झोपेत २३ टक्के. शिवाय किरणोत्सारी खूण लावलेलं अमायलॉइड थेट मेंदूत टोचून पाहिलं: झोपेत ते दुप्पट वेगाने गेलं. जाग्या उंदरांच्या मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची वाट औषधांनी अडवली, तर जागेपणीही झोपेसारखं चित्र दिसू लागलं. सावधपणाचं रसायन ओसरलं की बोळ उघडतात, असा निष्कर्ष.

आमच्या धंद्याच्या माणसाने त्या निबंधात एक ओळ अडखळून वाचायला हवी होती, आणि मी २०१३ मध्ये ती तशी वाचली नाही. झोपेसारखंच चित्र भुलेखालीही मिळालं होतं आणि ती भूल होती केटामिन अधिक झायलॅझिन. केटामिन आमच्या प्रत्येक ओटीच्या ट्रॉलीत असतं. झायलॅझिन जनावरांच्या डॉक्टरांचं औषध. आम्ही गुंगीसाठी वापरतो त्या डेक्समेडेटोमिडीनचा थोरला चुलतभाऊ म्हणा, आणि ही दोन्ही नॉरअ‍ॅड्रेनॅलिन खाली ओढतात. म्हणजे ही भूल नेमकी त्याच नळावर बोट ठेवणारी. सेव्होफ्लुरेन किंवा प्रोपोफॉल ही आमची नेहमीची भुलेची औषधं दिलेल्या माणसाबद्दल त्यावरून काही बोलणं धाडसाचं. २०१९ मध्ये याच परिवाराने भुलेचे सहा प्रकार शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा रंग आत शिरण्यात मोठा फरक दिसला: केटामिन-झायलॅझिन सगळ्यांत पुढे, आणि मेंदूच्या संथ लहरी जितक्या ठळक तितका प्रवाह जास्त.

नातेवाईक विचारतात, “झोपवलंत का त्यांना?” आणि सोयीसाठी आम्हीही “हो, झोपलेत” म्हणतो. खरं तर झोपलेला माणूस चिमट्याने उठतो. मी झोपवलेला माणूस हाड कापलं तरी उठत नाही. ही भाषेची सवय प्रयोगशाळेतही शिरली की घोटाळा होतो.

लंडन, २०२४

दुसरा फॉरवर्ड इंपीरियल कॉलेजचा. मे २०२४, ‘नेचर न्यूरोसायन्स’. निकोलस फ्रँक्स आणि विल्यम विस्डेन यांचा गट. फ्रँक्स हे नाव भूलशास्त्रातल्या माणसाला नवीन नाही. भुलेची औषधं रेणूच्या पातळीवर नेमकं काय करतात, यात त्यांची हयात गेली.

त्यांनी प्रश्न उलट्या बाजूने धरला. पाण्यात रंग सोडून तो मेंदूत किती शिरतो हे बघण्याऐवजी त्यांनी रंग थेट मेंदूच्या गाभ्यात टोचला आणि तो पुढच्या भागापर्यंत किती पोचतो, हे काचेच्या केसाएवढ्या तंतूने तासन्‌तास मोजलं. काही तासांनी मेंदूचे काप काढून रंग किती उरलाय तेही पाहिलं. गणित साधं: निचरा चांगला असेल तर वाटेतच रंग निघून जाईल आणि दूरवर कमी पोचेल.

झोपलेल्या उंदरांत रंग जास्त उरला. निचरा जागेपणापेक्षा सुमारे ३० टक्के कमी, आणि भुलेखाली सुमारे ५० टक्के कमी. भूल एकच नव्हती: केटामिन-झायलॅझिन, डेक्समेडेटोमिडीन, पेंटोबार्बिटाल, तिन्हींत तेच. शिवाय मेंदूच्या आत एका ठिपक्यातला रंग प्रकाशाने विझवून आजूबाजूचा रंग तिथे किती वेगाने सरकतो तेही पाहिलं. जागेपणी, झोपेत, भुलेखाली तो वेग सारखाच निघाला.

हे वाचून पहिल्या रात्री मी दोन्ही निबंध बाजूला ठेवले आणि चहा केला. दोन्हीकडे उंदीर, दोन्हीकडे झोप, दोन्हीकडे केटामिन-झायलॅझिन. एकाचं उत्तर पूर्व, दुसऱ्याचं पश्चिम.

झरा आणि उपसा

कोकणातल्या आमच्या आजोळी विहीर होती. झरा फुटलेला दिसतो, खळखळ ऐकू येते, म्हणून विहीर स्वच्छ आहे असं आजोबा कधी म्हणायचे नाहीत. गाळ काढला का, हे वेगळं विचारायचे. या वादाची गाठ मला तिथे सुटायला लागते.

रोचेस्टरचा गाजलेला आकडा, ते ९५ टक्के, हा झऱ्याचा आकडा आहे: पाणी आत किती शिरलं. फॉरवर्डमध्ये तोच ‘सफाई’चा आकडा झाला. आत शिरलेलं पाणी गाळ घेऊनच बाहेर पडलं असेल हा तर्क आहे, मोजमाप नव्हे. त्यांच्याकडे बाहेर जाण्याचंही मोजमाप होतं, ते दुप्पट वेगाने गेलेलं अमायलॉइड. पण चित्रं झऱ्याची सुंदर होती आणि लोकांच्या लक्षात चित्रं राहतात. माझ्याही राहिली, कनिष्ठ डॉक्टरांना शिकवताना मी कितीतरी वर्षं तीच स्लाइड दाखवली.

लंडनने उपसा मोजायला घेतला, ही त्यांची जमेची बाजू. पण त्यांचा उपसा मोजायचा मार्गही सरळ नाही. मेंदूत सुई खुपसली की तिथली ऊती दुखावते, सूज येते, दाब बदलतो, आणि निचऱ्याची वाट आधीच बिघडते. नेडरगार्डच्या बाजूचा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि रोज सुया टोचणाऱ्या बाईला तो हलका वाटत नाही. फक्त, रोचेस्टरनेही अमायलॉइड सुईनेच टोचलं होतं. सुईचा गुन्हा दोघांचा.

दुसरी गोष्ट रंगाच्या आकाराची. लहान रेणू गर्दीतूनही आपोआप पसरतो, जसा उदबत्तीचा वास बंद खोलीत पसरतो. त्याला वारा लागत नाही. मोठ्या रेणूला ढकलणारा प्रवाह हवा. ब्राउन विद्यापीठातल्या हेलन सर्र यांनी १९८१ च्या सुमारास उंदरांत लहान-मोठे रेणू टोचून ते किती वेगाने जातात ते पाहिलं होतं. नुसतं पसरणं असतं तर लहान आधी आणि मोठे उशिरा गेले असते. सगळे जवळजवळ एकाच वेगाने गेले, म्हणजे कुठेतरी प्रवाह आहे. माझ्या मते या सगळ्या भांडणातलं सगळ्यात शहाणं मोजमाप तेच, आणि ते दोन्ही फॉरवर्डच्या कितीतरी आधीचं आहे. लंडनचा मुख्य रंग लहान होता; तो प्रवाहाची साक्ष कितपत देईल, ही शंका राहतेच.

बाकी बाजूही आहेत. साउदॅम्प्टनचा गट म्हणतो की गाळ धमन्यांच्या भिंतीच्या आतून, रक्ताच्या उलट दिशेने बाहेर येतो. म्हणजे झऱ्याची वाट आणि उपशाची वाट एकाच नळाला लागून. कॅलिफोर्नियात अ‍ॅलन व्हर्कमन यांच्या गटाला २०१७ मध्ये अ‍ॅक्वापोरिनच्या दारांचा फरकच सापडला नाही. पुढच्या वर्षी पाच प्रयोगशाळांनी मिळून तो सापडतो असं दाखवलं. पाणी शेवटी मेंदूच्या आवरणातल्या लसिकावाहिन्यांतून मानेतल्या गाठींकडे जातं, हे २०१५ मध्ये व्हर्जिनिया आणि हेलसिंकी अशा दोन्हीकडून एकाच वर्षी पुढे आलं. इटलीच्या मास्कान्यी यांनी १७८७ मध्येच तशा वाहिन्या चितारल्या होत्या. सव्वादोनशे वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही.

उंदरावरून माणसावर

गुरुजी उंदीर नाहीत. म्हणून माणसांचा पुरावा पाहिला, आणि तिथे गोष्ट जरा वेगळी निघते.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये २० निरोगी माणसांना एक रात्र जागवून पीईटी स्कॅन केले. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमसच्या भागात अमायलॉइड साधारण ५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. फॉरवर्डवाले म्हणणार, बघा, सफाई झाली नाही! पण त्याच वर्षी सेंट लुईसमध्ये ब्रेंडन लुसी यांच्या गटाने ८ जणांच्या कमरेत नळी ठेवून ३६ तास पाणी गोळा केलं आणि खूण लावलेल्या अणूंवरून अमायलॉइडचं बनणं आणि जाणं वेगवेगळं काढलं. जागरणाने रात्रीचं अमायलॉइड २५ ते ३० टक्के वाढलं होतं. कारण जास्त बनणं, जाण्याचा वेग कमी होणं नव्हे. मेंदू जागा, म्हणून भट्टी चालू, म्हणून राख जास्त. मोरी तुंबलेली नसतानाही घर घाण होऊ शकतं, पाहुणे रात्रभर बसले की.

हा निष्कर्ष ‘झोपेत मेंदू धुतला जातो’ या वाक्यातून पार गळून पडतो, याची मला खंत वाटते.

तरी धुण्याची बाजू पोकळ नाही. बोस्टनमध्ये लॉरा लुईस यांच्या गटाने २०१९ मध्ये १३ तरुणांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवलं (त्या आवाजात झोपले, हेच विशेष). गाढ झोपेत मेंदूची संथ लहर आली की रक्त किंचित ओसरत होतं आणि त्या जागी पाण्याची लाट आत येत होती, साधारण दर २० सेकंदांनी.

आणि ऑस्लो. पेर क्रिस्तियान आयडे आणि गाइर रिंगस्टाड यांच्या रुग्णांच्या कमरेत, मी स्पायनल (कमरेतली भूल) देते तशीच सुई घालून, एमआरआयचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारं द्रव्य, सोडलं गेलं आणि दोन दिवस स्कॅन घेत राहिले. २०२१ च्या निबंधात १७ जण रात्री झोपले होते, ७ जणांना जागं ठेवलं होतं. जागलेल्यांच्या मेंदूतून कॉन्ट्रास्ट हळू निघालं आणि पुढच्या रात्री झोपूनही तो अनुशेष भरून निघाला नाही. हे माणसात, जिवंत, उपशाच्या बाजूचं मोजमाप आहे. माणसं मोजकी, आणि तो रेणू अमायलॉइडच्या वजनाचा सातवा हिस्सा, हे धरूनही माझं पारडं या कामाने झोपेच्या बाजूला थोडं झुकवलं. भुलेच्या बाजूला मात्र यातलं काहीच झुकवत नाही.

मग भूल कोणती दिली

कमरेतली. पण फॉरवर्डमुळे नाही.

मुलीला खरी भीती निचऱ्याची नव्हती, ऑपरेशननंतर नाना भ्रमिष्ट झाले तर काय, ही होती. त्याचं उत्तर उंदरांकडे मागायची गरजच नाही. २०२१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ रुग्णालयांत खुबा मोडलेल्या १,६०० रुग्णांना चिठ्ठी टाकून स्पायनल किंवा पूर्ण भूल दिली गेली. भ्रम झाला स्पायनलवाल्यांत २०.५ टक्क्यांना, पूर्ण भूलवाल्यांत १९.७ टक्क्यांना. दोन महिन्यांनंतर जगण्या-चालण्यातही फरक नाही. चीनमधल्या ९५० रुग्णांच्या अभ्यासातही भुलेच्या प्रकाराने भ्रम बदलला नाही.

तिला मी सांगितलं ते असं: “कुठलीही भूल दिली तरी पाचातल्या एखाद्याला असा गोंधळ होतो. आम्ही कमरेत देऊ, कारण त्यांच्या छातीला आणि रक्तदाबाला ते सोयीचं. कचऱ्याच्या मेसेजवर आत्ता काही ठरवायचं नाही.”

सकाळी गुरुजी कुशीवर वळले, पोक काढून बसायला दुखत होतं म्हणून खुब्याची नस आधी बधिर केली होती. थेंब आला. नेहमीसारखा स्वच्छ. गुंगीचं औषध जवळजवळ दिलंच नाही. ते अर्धा वेळ घोरले आणि अर्धा वेळ सर्जनला विचारत होते, गाव कुठलं.

दुसऱ्या रात्री दोन वाजता वॉर्डमधून फोन. पेशंट पट्टी ओढतोय, उठायला बघतोय, “घंटा झाली का, पोरं बाहेर उभी आहेत” म्हणतोय. ज्युनिअरला झोल्पिडेमची गोळी द्यायची होती. नको म्हटलं. म्हाताऱ्या, गोंधळलेल्या माणसाला झोपेची गोळी म्हणजे दुसरा खुबा मोडायचं आमंत्रण. निचऱ्याचा विचार त्यात शून्य होता.

गंमत अशी, की सहा-सात महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, नेडरगार्ड यांच्याच कोपनहेगनच्या गटाचा निबंध ‘सेल’मध्ये आला. नैसर्गिक झोपेत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सपाट पडून राहत नाही, साधारण मिनिटाला एकदा हळू वर-खाली होतं. त्यासरशी रक्तवाहिन्या आकसतात-सैलावतात आणि पाणी पंपासारखं ढकललं जातं. झोल्पिडेम दिलेल्या उंदरांना झोप लवकर लागली, पण हा हेलकावा दबला आणि पाण्याची हालचाल ३० टक्क्यांहून जास्त घटली. झोप आणि गुंगी यांच्यातला फरक, जो मी नातेवाइकांना हातवारे करून सांगत असते, तो इथे मोजून दाखवलेला. अर्थात उंदरांतच, या निबंधाच्या जोरावर कुणाची गोळी बंद करायला मी सांगणार नाही.

त्या रात्री वॉर्डमध्ये जाऊन उभी राहिले. ट्यूबलाइट चालू. शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्याचा मोबाइल चालू. दर दोन तासांनी बीपीचा पट्टा आवळत होता, अँटिबायोटिकचं इंजेक्शन रात्री दोनला. लघवीची नळी तशीच. चष्मा आणि कानातलं यंत्र मुलीच्या पिशवीत, हरवू नये म्हणून. ऑपरेशनपासून हा माणूस सलग दोन तासही झोपला नव्हता, आणि आम्ही मोबाइलवर चर्चा करत होतो भुलेखाली मेंदू धुतला जातो की नाही याची.

चष्मा डोळ्यांवर, यंत्र कानात. नळी सकाळी काढली. सिस्टरांशी बोलून इंजेक्शनची वेळ दहा आणि सहा केली, रात्रीचं बीपी एकदाच. खाट खिडकीशी हलवली, दिवे दहाला बंद. मुलगी उशाशी. तिसऱ्या रात्री ते पाच तास झोपले, चौथ्या दिवशी मला त्यांनी ओळखलं आणि माझं अक्षर वाईट असल्याचं सांगितलं, जे खरं आहे. आधीचा विसराळूपणा अर्थातच तसाच होता. त्यासाठी न्यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली.

दोन आठवड्यांनी टाके काढायला आले तेव्हा मुलीच्या मोबाइलवर तिसरा मेसेज होता: डाव्या कुशीवर झोपल्याने मेंदूचा निचरा उत्तम होतो, आपले पूर्वज वामकुक्षी म्हणत ते उगाच नाही. याच्याही मागे एक खरा निबंध आहे, २०१५ चा, भूल दिलेल्या उंदरांना उताणं, पालथं आणि कुशीवर ठेवून एमआरआय केलेला. कुशीवरचे पुढे होते. वामकुक्षीचा त्यात उल्लेख नाही.

“मग डाव्या कुशीवर झोपवू का त्यांना?”

“डावा खुबाच बदललाय त्यांचा,” मी म्हटलं. “सध्या उताणंच, आणि दोन्ही पायांच्या मध्ये उशी.”